भाडे, शाळा आणि करसवलत : माँट्रियलने कल्पक माणसे कशी मिळवली आणि कशी टिकवली

कुशल आणि कल्पक माणसे एखाद्या शहरात का येतात आणि आल्यावर तिथेच का राहतात, या प्रश्नावर गेली वीस-पंचवीस वर्षे दोन मते समोरासमोर उभी आहेत. पहिल्या मतानुसार हा पैशाचा खेळ आहे : उद्योगाला करसवलत आणि अनुदान द्यावे, कंपन्या येतील आणि त्यांच्यामागून माणसे येतील. दुसरे मत शहरांचे अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ पासून जगभर लोकप्रिय केले. ते नेमके उलट सांगते : शहर मोकळ्या मनाचे, विविधतेला सामावून घेणारे आणि सांस्कृतिकदृष्ट्या जिवंत असेल तर माणसे आपणहून येतात आणि कंपन्यांना त्यांच्यामागे यावे लागते. कॅनडातील माँट्रियलचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण या एकाच शहरात दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या आणि त्यांचे परिणाम तपासायला आज सुमारे तीन दशकांचा काळ हाताशी आहे. या काळाकडे पाहताना मला असे वाटते की अनुदानाने कंपनी आणली हे खरे आहे आणि शहराच्या वातावरणाने तरुणांना ओढले हेही खरे आहे, पण माणसे टिकली ती या दोहोंपेक्षा कमी चर्चिल्या गेलेल्या कारणाने. या शहरात माणसाला नोकरी बदलता आली, नोकरी सोडून स्वतःचे काही सुरू करता आले, अपयशी होऊन पुन्हा नोकरी धरता आली, आणि त्यासाठी शहर सोडावे लागले नाही.

उतरती कळा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माँट्रियल हे कॅनडाचे सर्वांत मोठे शहर आणि देशाच्या अर्थव्यवहाराचे केंद्र होते. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनाला पाच कोटींहून अधिक लोक आले. १९७६ मध्ये ऑलिम्पिक भरले, पण त्याचे कर्ज फेडता फेडता २००६ साल उजाडले. त्याच १९७६ मध्ये क्वेबेक प्रांतात स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारा पार्ती क्वेबेक्वा हा पक्ष सत्तेवर आला आणि १९७७ मध्ये फ्रेंच ही कामकाजाची व शिक्षणाची मुख्य भाषा ठरवणारा कायदा झाला. फ्रेंच बोलणाऱ्या बहुसंख्याकांना आपल्याच प्रांतात दुय्यम स्थान मिळत होते, त्यामुळे या कायद्यामागची भावना समजण्यासारखी होती. मात्र त्याची आर्थिक किंमत माँट्रियलने मोजली. जानेवारी १९७८ मध्ये सन लाइफ या मोठ्या विमा कंपनीने आपले मुख्यालय टोरांटोला हलवण्याची घोषणा केली. पुढच्या काळात अनेक मुख्यालये आणि इंग्रजीभाषक कुटुंबे त्याच वाटेने गेली, आणि लोकसंख्येतही टोरांटोने माँट्रियलला मागे टाकले.

त्याच काळात शहराचा कारखानदारी पायाही खचत होता. माँट्रियल हे कॅनडाच्या कपडा-शिवणकामाचे केंद्र होते, आणि स्वस्त आयातीपुढे हा धंदा आक्रसत गेल्यावर उंच छतांच्या, मोठ्या खिडक्यांच्या बहुमजली इमारती रिकाम्या पडू लागल्या. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी क्वेबेकच्या सार्वभौमत्वावर दुसरे सार्वमत झाले आणि ‘नाही’च्या बाजूने जेमतेम ५०.६ टक्के मते पडली. प्रांत कॅनडातच राहिला खरा, पण इतक्या निसटत्या निकालानंतर गुंतवणूकदार थांबून पाहू लागले. बेकारीचे प्रमाण दोन आकड्यांत होते आणि रिकाम्या घरांना भाडेकरू मिळत नव्हते.

या अवस्थेचे दोन अर्थ लावता येतात. सरकारच्या दृष्टीने हे संकट होते, कारण पदवी घेऊन बाहेर पडणारी तरुण पिढी टोरांटोची किंवा अमेरिकेची गाडी पकडत होती. ज्याला चित्र काढायचे होते, गाणे बसवायचे होते किंवा अर्धवेळ कामावर गुजराण करत उरलेल्या वेळात काही घडवायचे होते, त्याच्यासाठी मात्र अशी जागा उत्तर अमेरिकेच्या मोठ्या शहरांत क्वचितच उरली होती. माइल एन्ड या जुन्या कामगार वस्तीत त्या वर्षांत संगीतकारांचे जे गट उभे राहिले, त्यांच्यातील काहींना पुढे जगभर श्रोते मिळाले. शहराच्या या गरिबीचे मी कौतुक करत नाही, कारण स्वस्त भाड्यामागे बंद पडलेले कारखाने आणि हातचे काम गेलेल्या हजारो शिवणकामगार स्त्रिया होत्या, आणि नव्या अर्थव्यवस्थेत त्यांच्यापैकी फार थोड्या जणींना जागा मिळाली.

आधीच पेरलेले

माँट्रियलची कथा एक मोठी व्हिडिओ गेम कंपनी शहरात आली त्या १९९७ पासून सांगण्याचा प्रघात आहे, पण त्यामुळे चाळीस वर्षांची मशागत नजरेआड होते. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे मुख्यालय १९५६ मध्ये ओटावाहून माँट्रियलला आले. नॉर्मन मॅक्लारेन यांच्यासारख्या अॅनिमेशनकारांना या सरकारी संस्थेने पगार, साधने आणि मुख्य म्हणजे प्रयोग फसण्याची मुभा दिली. संगणकावर चित्र हलवण्याचे प्रयत्न या मंडळाने फार लवकर सुरू केले, आणि १९७४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने केलेला त्यांचा एक लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. या परंपरेतून पुढे आलेले दानियल लांग्ल्वा यांनी १९८६ मध्ये सॉफ्टइमाज ही कंपनी काढली. कलावंताला संगणकतज्ज्ञाच्या मदतीशिवाय त्रिमितीय अॅनिमेशन करता यावे, हा तिचा उद्देश होता. १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’मधील डायनासोर हलवण्यासाठी तिचे सॉफ्टवेअर वापरले गेले आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. डिस्क्रीट लॉजिक ही चित्रपटांच्या दृश्य-परिणामांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनीही १९९१ मध्ये याच शहरात सुरू झाली.

सर्कशीच्या बाबतीतही असेच घडले. राष्ट्रीय सर्कस विद्यालय १९८१ मध्ये स्थापन झाले आणि क्वेबेकच्याच एका छोट्या गावातून निघालेली सर्क द्यु सोलेय ही मंडळी १९८४ मध्ये रिंगणात उतरली. शाळा आधी आली आणि मोठी कंपनी नंतर, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात चार मोठी विद्यापीठे, दोन इंग्रजी आणि दोन फ्रेंच, यांची भर घालावी लागते. क्वेबेकमधील विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क कॅनडाच्या इतर प्रांतांच्या तुलनेत कमी होते, आणि ते वाढवण्याचा सरकारने २०१२ मध्ये प्रयत्न केला तेव्हा विद्यार्थ्यांनी महिनोन्‌महिने आंदोलन केले. थोडक्यात, चित्र, हालचाल, ध्वनी आणि संगणक या चारही अंगांची जाण असलेली माणसे शहरात होती. त्यांना महिन्याचा पगार देणारा मोठा उद्योग तेवढा नव्हता.

१९९७ चा सौदा

सिल्वँ वोज्वा हे राजकीय वर्तुळात वावरणारे सल्लागार एक योजना घेऊन क्वेबेक सरकारकडे गेले. बहुमाध्यम क्षेत्रात तरुणांना नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक नोकरीमागे दरसाल २५,००० डॉलर द्यावेत, असा तिचा गाभा होता. सरकारला हा खर्च झेपणारा वाटला नाही. वोज्वा मात्र फ्रान्समध्ये जाऊन युबिसॉफ्ट या व्हिडिओ गेम कंपनीला भेटले. १९८६ मध्ये गिय्मो बंधूंनी ब्रिटनी प्रांतात काढलेल्या या कंपनीला उत्तर अमेरिकेत पाय रोवायचे होते. कंपनी येण्यास उत्सुक आहे आणि कॅनडातील दुसरे शहरही तिला मिळवू शकते, हे दिसल्यावर प्रांतिक आणि संघीय सरकारे वाटाघाटीला बसली. शेवटी प्रत्येक नोकरीमागे वर्षाला प्रांताने १५,००० आणि संघीय सरकारने १०,००० कॅनडियन डॉलर द्यावेत आणि कंपनीने पाच वर्षांत ५०० नोकऱ्या निर्माण कराव्यात, असे ठरले. परदेशी कंपनीला हा मान आणि स्थानिकांना काहीच नाही, अशी तक्रार उठण्याची चिन्हे दिसताच त्या वेळचे अर्थमंत्री बेर्नार लँड्री यांनी अशीच मदत इतर कंपन्यांनाही खुली केली. माझ्या मते संपूर्ण सौद्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा होता. सवलत एका कंपनीपुरती राहिली असती, तर शहरात एक मोठा मालक आणि त्याच्या दारात उभे असलेले शेकडो उमेदवार एवढेच चित्र दिसले असते.

युबिसॉफ्टने १९९७ मध्ये माइल एन्डमधील सेंट लॉरेंट बुलेव्हार्डवरच्या पेक बिल्डिंग या जुन्या कपडा कारखान्यात सुमारे पन्नास जणांसह काम सुरू केले. त्यांतील जवळपास निम्मे फ्रान्सहून आले होते आणि स्थानिकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी गेम केलेला नव्हता. पहिली काही वर्षे हा स्टुडिओ मुलांसाठीचे साधे, फारसे न गाजलेले गेम करत राहिला. पहिले मोठे यश मिळाले ते २००२ मध्ये, ‘स्प्लिंटर सेल’च्या रूपाने. २००७ मध्ये ‘असासिन्स क्रीड’ आला तेव्हा हा स्टुडिओ जगातील सर्वांत मोठ्या स्टुडिओंपैकी एक झालेला होता. पुढे त्याची कर्मचारीसंख्या चार हजारांच्या आसपास गेली.

यातील पाच वर्षांचा काळ नीट पाहायला हवा. अनुदानाची मुदत पाच वर्षे होती आणि पहिले मोठे यश मिळायलाही साधारण तेवढाच अवधी लागला. सार्वजनिक पैशाने या काळात शेकडो नवशिक्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलला, मग कागदोपत्री त्याचे नाव काहीही असो. अनुभवी माणूस मिळवायला कंपनीला अनुदानाची गरज नसते, तो तिला कसाही परवडतो. अननुभवी माणसाला तीन-चार वर्षे पगार देऊन सांभाळणे मात्र खासगी हिशेबात सहसा बसत नाही, आणि नेमक्या त्या जागी क्वेबेकने पैसा घातला.

त्याच साली क्वेबेकने आणखी एक पाऊल उचलले, ज्याचा उल्लेख उद्योगधोरणाच्या चर्चेत क्वचितच होतो. १९९७ मध्ये प्रांताने दिवसाला ५ डॉलर शुल्काची पाळणाघर योजना सुरू केली. गेम उद्योगात विशीत शिरलेला माणूस तिशीत आई किंवा बाप होतो, आणि नेमक्या त्याच वयात अनेक मोठ्या शहरांतून कल्पक माणसे स्वस्त उपनगरांच्या शोधात बाहेर पडतात. माँट्रियलने या वयातही शहरात राहणे शक्य केले, आणि पुढे मोठी झालेली शुल्कवाढ धरूनही ही योजना कुटुंबांसाठी मोलाची राहिली. प्रतिभा टिकवण्याच्या साधनांत मी ती करसवलतीच्या खालोखाल मानतो.

पत्ता सांगून मिळालेली मदत

सगळेच प्रयोग साधले असे नाही. १९९८ मध्ये प्रांताने जुन्या शहराच्या कडेला, बंद पडलेल्या कारखान्यांच्या भागात ‘सिते द्यु मुल्तिमेदिया’ नावाची वसाहत जाहीर केली. ठरावीक इमारतींत कार्यालय थाटणाऱ्या कंपनीला पगाराच्या खर्चात मोठी सवलत मिळणार होती. परिणाम व्हायचा तोच झाला. अनेक कंपन्या थोड्या अंतरावरची आपली जुनी जागा सोडून सवलतीच्या पत्त्यावर राहायला आल्या आणि त्यांतल्या किती नोकऱ्या खरोखर नव्या होत्या, यावर वाद सुरू झाला. त्याच परिसरात आधीपासून काम करणाऱ्या कलावंतांना जागा सोडाव्या लागल्या. २००३ मध्ये सरकार बदलल्यावर नव्या कंपन्यांसाठी ही योजना बंद झाली. इमारती उरल्या, परिसर सुधारला, पण माणसाला मदत करणे आणि भूखंडाला मदत करणे यांतला फरक या प्रयोगाने महागड्या रीतीने दाखवला.

नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य

२००३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकन कंपनी माँट्रियलमध्ये येण्याची तयारी करत असताना युबिसॉफ्टचे काही कर्मचारी तिच्याकडे जायला निघाले. स्पर्धक कंपनीत काम न करण्याच्या करारातील अटीवर बोट ठेवून युबिसॉफ्टने न्यायालयाकडून त्यांच्याविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. घटना छोटी होती, पण तिच्यात शहराचे भवितव्य दडलेले होते. ज्या कौशल्यावर सरकारने पैसा खर्च केला, ते कौशल्य एका मालकाचे की शहराचे, हा त्यातला प्रश्न होता. अशा अटी सर्रास लागू झाल्या असत्या तर दुसरी कंपनी आली नसती, तिसरी आली नसती, आणि माणसाला पुढे जायचे झाल्यास विमानाचे तिकीट काढणे एवढाच मार्ग राहिला असता.

प्रत्यक्षात उलट घडले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा स्टुडिओ २००४ मध्ये सुरू झाला, आयडॉस २००७ मध्ये आली, वॉर्नर ब्रदर्सचा गेम विभाग २०१० मध्ये आला, आणि त्यांच्या जोडीला स्थानिक कंपन्याही वाढत राहिल्या. आता कलावंताला, प्रोग्रामरला, ध्वनिसंयोजकाला एकाच मेट्रोच्या वेगवेगळ्या स्थानकांवर वेगवेगळे मालक होते. ‘असासिन्स क्रीड’च्या घडणीत प्रमुख वाटा असलेले पात्रीस देझिले यांचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. २०१० मध्ये त्यांनी युबिसॉफ्ट सोडली आणि शहरातच नव्याने आलेल्या टीएचक्यू या कंपनीत ते गेले. ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, तिचा माँट्रियल स्टुडिओ २०१३ मध्ये युबिसॉफ्टनेच विकत घेतला, काही महिन्यांत देझिले यांना बाहेर पडावे लागले, आणि २०१४ मध्ये त्यांनी पानाश ही स्वतःची कंपनी काढली. इतक्या उलथापालथीत त्यांना शहर सोडावे लागले नाही. मोठ्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या काही जणांनी काढलेल्या रेड बॅरल्ससारख्या छोट्या कंपनीचा गेम २०१३ मध्ये जगभर खेळला गेला, आणि २०२१ मध्ये स्थापन झालेली हेवन ही कंपनी वर्षभरातच सोनीने विकत घेतली.

अर्थतज्ज्ञ ज्याला दाट श्रमबाजार म्हणतात, तो हा. शहराच्या आकर्षणाची चर्चा कॅफे, महोत्सव आणि सायकलमार्ग यांभोवती फिरत राहते. या गोष्टींनी पंचविशीतल्या माणसाला यावेसे वाटते हे मान्यच आहे, आणि माँट्रियलमध्ये १९८० पासून भरणारा जॅझ महोत्सव आणि त्याच्या पाठोपाठ उभे राहिलेले सांस्कृतिक जीवन यांचा वाटा नाकारता येणार नाही. परंतु चाळिशीतल्या, दोन मुलांच्या, अमुक एका तंत्रात वाकबगार झालेल्या माणसाला प्रश्न वेगळाच पडतो : हा स्टुडिओ बंद पडला तर माझे काय? ज्या शहराकडे या प्रश्नाचे उत्तर असते, तिथे माणूस धोका पत्करायलाही धजावतो.

या घनतेला एक उणी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या स्टुडिओंपैकी बहुतेकांची मालकी बाहेरची आहे. माँट्रियलमध्ये रचलेल्या पात्रांचे आणि कथांचे हक्क पॅरिस, टोकियो किंवा कॅलिफोर्नियातील कंपन्यांकडे जातात. शहराच्या वाट्याला पगार येतो, मालमत्ता येत नाही. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने २०२२ मध्ये आपले पाश्चात्त्य स्टुडिओ एका स्वीडिश समूहाला विकले आणि त्याच वर्षी नव्या मालकाने त्यांतला माँट्रियलचा एक स्टुडिओ बंद केला. हा निर्णय घेणाऱ्यांना शहराच्या पंचवीस वर्षांच्या मेहनतीशी काही देणेघेणे असण्याचे कारण नव्हते.

भाड्याचा प्रश्न

माइल एन्डमध्ये १९९७ नंतर काय झाले, हे पाहिल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही. हजारो पगारदार माणसे रोज ज्या वस्तीत येतात, तिथे दुकाने बदलतात, घरांची मागणी वाढते आणि जुने रहिवासी सरकू लागतात. क्वेबेकमध्ये राहत्या घरांच्या भाडेवाढीवर न्यायाधिकरणाचे नियंत्रण आहे, आणि भाडेकरूला आपला करार दुसऱ्या भाडेकरूच्या नावे करून देण्याची सोय बरीच वर्षे होती. या दुसऱ्या सोयीमुळे स्वस्त भाडे एका तरुणाकडून दुसऱ्या तरुणाकडे जात राहिले आणि नव्याने शहरात आलेल्या संगीतकारालाही, ओळखीपाळखीतून का होईना, परवडणारे घर मिळू शकले. २०२४ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने कायदा बदलून घरमालकाला असे हस्तांतर नाकारण्याचा अधिकार दिला. घरबांधणीला चालना मिळावी म्हणून इतर तरतुदींसोबत हा बदल केला गेला, पण बाहेरून येणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कल्पक माणसासाठी तो एक दार बंद करणारा ठरला.

कलावंतांच्या कार्यशाळांची स्थिती त्याहून अवघड होती, कारण व्यावसायिक जागांच्या भाड्यावर कोणतेच नियंत्रण नव्हते. द गास्पे रस्त्यावरील प्रचंड कारखाना-इमारतींत शेकडो चित्रकार, शिल्पकार, मुद्रणकार आणि नर्तक काम करत होते. या इमारती विकल्या गेल्या आणि भाडी वाढणार हे दिसू लागले, तेव्हा त्यांनी ‘पिए कारे’ या नावाने संघटना उभारली, महापालिकेच्या विभागाकडून जमीनवापराच्या नियमांत कार्यशाळांना संरक्षण मिळवले आणि नव्या मालकाशी दीर्घ मुदतीचा भाडेकरार केला. शहराच्या इतिहासातील ही घटना मला फार मोलाची वाटते. अनुदान मागून मिळाले असते तर ते पुढच्या अंदाजपत्रकात कापता आले असते. करारात लिहिलेले चौरस फूट आणि त्यांचा दर मुदत संपेपर्यंत कोणाला सहजासहजी हिरावता येत नाहीत. गेम स्टुडिओतील चित्रकार संध्याकाळी ज्या मुद्रणशाळेत जातो आणि स्टुडिओची नोकरी सोडलेली आरेखिका ज्या खोलीत आपले पहिले स्वतंत्र काम उभे करते, त्या जागा शहराच्या नकाशावर टिकल्या त्या या करारामुळे.

२०२४ चा हिशेब

माँट्रियलच्या घडीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा धागाही आहे. योशुआ बेन्जिओ यांनी १९९३ पासून माँट्रियल विद्यापीठात चिकाटीने बांधलेली संशोधनशाळा पुढे मिला म्हणून ओळखली गेली. २०१६-१७ पासून तिच्याभोवती जगातील मोठ्या कंपन्या गोळा झाल्या, आणि संगणकशास्त्रातील मानाच्या ट्युरिंग पुरस्काराच्या २०१८ सालच्या तीन मानकऱ्यांत बेन्जिओ यांचे नाव आले. इथेही विद्यापीठ आणि सार्वजनिक निधी आधी आला आणि कंपन्या नंतर. आज हेच तंत्रज्ञान चित्रकार आणि अनुवादक यांच्या कामावर दाब आणत आहे, आणि एकाच शहरात दोन्ही समुदाय शेजारी राहत असल्याने हा ताण इथे लवकर जाणवतो.

पण सध्याची खरी कसोटी करसवलतीची आहे. १९९० च्या दशकात सुरू झालेली ही सवलत रूपे बदलत टिकली. पात्र पगाराच्या ३७.५ टक्क्यांपर्यंत रक्कम कंपनीला मिळे, त्यांतला ७.५ टक्क्यांचा भाग गेमची फ्रेंच आवृत्ती काढण्याशी जोडलेला होता, आणि कर भरण्याइतका नफा नसला तरी ही रक्कम रोख मिळत असे. २०१४ मध्ये सरकारने तिला कात्री लावली आणि वर्षभरात निर्णय फिरवला. मार्च २०२४ च्या अंदाजपत्रकाने मात्र रचनाच बदलली. यापुढे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगारातील पहिली सुमारे १८,००० डॉलरची रक्कम सवलतीच्या हिशेबातून वगळली जाते, पूर्वीची १,००,००० डॉलरची कमाल मर्यादा उठवली आहे, आणि सवलतीचा काही भाग टप्प्याटप्प्याने असा होत आहे की तो फक्त कर देणाऱ्या कंपनीलाच उपयोगी पडावा.

सरकारची बाजू समजून घेता येते. बेकारी घटलेल्या प्रांताने तीन दशकांनंतरही नफ्यातील परदेशी कंपन्यांचा पगार का भरावा, हा प्रश्न रास्त आहे, आणि मूळ सौदा बेकारीवर तोडगा म्हणून झाला होता हेही खरे आहे. चांगल्या पगाराच्या, वरच्या दर्जाच्या नोकऱ्यांकडे पैसा वळवावा, हा नव्या रचनेचा घोषित हेतू आहे. तरीही आकडे मांडून पाहावेत. वर्षाला ५०,००० डॉलर मिळवणाऱ्या नवशिक्यामागे कंपनीला जुन्या नियमाने पूर्ण दराने १८,७५० डॉलर मिळत असत, नव्या नियमाने सुमारे १२,००० मिळतात. १,२०,००० डॉलर मिळवणाऱ्या अनुभवी माणसामागे जुन्या मर्यादेत ३७,५०० डॉलर मिळत, तिथे नव्या सूत्राने ती रक्कम ३८,००० च्या थोडी वर जाते. शिवाय परताव्याचा रोख भाग घटत गेला की पहिला गेम अजून विकायचा असलेल्या, नफा न दिसलेल्या छोट्या स्टुडिओला त्याची झळ आधी बसते. म्हणजे बदलाचा भार नवशिक्यावर आणि नव्या कंपनीवर पडतो, आणि स्थिरावलेल्या कंपनीच्या अनुभवी कर्मचाऱ्याला त्याचा जवळपास स्पर्श होत नाही.

चित्रपटांच्या दृश्य-परिणामांच्या कामात अशा बदलाचा परिणाम लवकर दिसला. त्या क्षेत्रातील सवलतीवरही २०२४ मध्येच मर्यादा आली, तीसुद्धा २०२३ च्या हॉलिवूडमधील संपांनी काम आटवलेले असताना. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा आंतरराष्ट्रीय समूह कोसळला आणि त्याच्या माँट्रियलमधील स्टुडिओंचे काम थांबले. गेम स्टुडिओंमध्ये सामावले जाण्याची वाट यांतील काही कलावंतांना होती, कारण साधने आणि कौशल्ये बरीचशी सारखी आहेत, पण त्याच काळात जगभरचे गेम स्टुडिओही माणसे कमी करत होते. दाट श्रमबाजार एका कंपनीच्या पडझडीपासून वाचवतो. सगळे उद्योग एकाच धोरणावर उभे असतील आणि ते धोरण एकदम बदलले, तर त्याची घनता पुरी पडत नाही.

शिक्षणाच्या दारावरही याच सुमारास हात पडला. २०२४ पासून इतर प्रांतांतून इंग्रजी विद्यापीठांत येणाऱ्या विद्यार्थ्यांचे वार्षिक शुल्क सुमारे ९,००० वरून १२,००० डॉलर करण्यात आले. मॅकगिल आणि कन्कॉर्डिया या विद्यापीठांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि एप्रिल २०२५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ही वाढ रद्द ठरवली. मधल्या काळात जे अर्ज आले नाहीत, ते मात्र या निकालाने परत येणारे नव्हते. फ्रेंच भाषेचे रक्षण हा क्वेबेकच्या दृष्टीने अस्तित्वाचा प्रश्न आहे आणि माँट्रियलचे वेगळेपणही त्याच भाषेमुळे आहे. फ्रान्स, बेल्जियम आणि उत्तर आफ्रिकेतील कुशल माणसांना अटलांटिकच्या या किनाऱ्यावर दुसरे इतके मोठे फ्रेंचभाषक शहर नाही. म्हणूनच भाषेचे रक्षण फ्रेंच शिकवण्याच्या वाटा रुंद करून व्हावे, विद्यार्थ्यांची संख्या घटवून होऊ नये, असे मला तळमळीने वाटते.

पुढची काही वर्षे या शहराकडे पाहताना एकूण नोकऱ्यांचा आकडा फारसा उपयोगी पडणार नाही, कारण अनुभवी माणसे धरून ठेवल्यास तो बराच काळ स्थिर राहू शकतो. दर वर्षी पहिली नोकरी मिळालेल्यांची संख्या, पाच वर्षांहून कमी वयाच्या स्टुडिओंपैकी टिकलेल्यांचे प्रमाण, माइल एन्डसारख्या वस्त्यांत कार्यशाळांसाठी उरलेले क्षेत्रफळ आणि इतर प्रांतांतून व देशांतून आलेल्यांपैकी शिक्षण संपल्यावर शहरातच राहिलेले पदवीधर, हे चार आकडे प्रांताने आणि महापालिकेने दरवर्षी एकत्र प्रसिद्ध करायला हवेत. त्यांतला पहिला आकडा घसरू लागला, तर पगारातून वगळली जाणारी रक्कम पहिल्या तीन वर्षांच्या कर्मचाऱ्यांना लागू न करण्याची दुरुस्ती प्रांताला एका अंदाजपत्रकात करता येईल.